स्विफ्ट १.२ पेट्रोलला टर्बो किट : मे महिन्याच्या उन्हात किती बूस्ट झेपेल?

वणी_के१२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, के-सीरिज १.२ पेट्रोल, व्हीव्हीटीवाली (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी), ८२ हजार किलोमीटर झालेली. इंजिन अजून उघडलेलं नाही. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कम्प्रेशन मोजलं. चार सिलिंडरांत अर्ध्या बारपेक्षा जास्त फरक नाही. ऑइल खात नाही. क्लच मूळचाच आहे.

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवायचा आहे. फार हाव नाही, ११० पीएसच्या आसपास पुरे. वापर मुख्यतः ऑटोक्रॉसच्या, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकेका गाडीच्या शर्यतीच्या, मातीच्या मैदानावर, पण तिथपर्यंत गाडी रस्त्यानेच जाईल. दोन पर्याय समोर आहेत. ऑनलाइन मिळणारं सार्वत्रिक किट, त्यात टी३/टी४ टर्बो, इंटरकूलर, पाईप, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह सगळं एकाच खोक्यात येते. नाहीतर डिझेल स्विफ्टचा जुना टर्बो, जो नागपुरात भंगारात सहज मिळून राहिला.

विचारायचं हे की यातला कोणता घ्यावा, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) किती ठेवावा, अन् मूळ ईसीयूवर (इंजिनाच्या संगणकावर) पिगीबॅक, म्हणजे त्याला जाणारे सिग्नल बदलणारी जोडपेटी, लावून भागेल का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जाते, हे धरूनच सांगा. फॅब्रिकेशन इथे वणीतच करावं की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत न्यावं?

लॅम्डा_नागपूर

भाऊ, दोन्ही टर्बो बाजूला ठेवा. ११० पीएससाठी इंजिनाला मिनिटाला साधारण ५ किलो हवा लागते. टी३/टी४ त्याच्या तिपटीहून जास्त हवेसाठी बनलेला आहे. १२०० सीसीवर तो साडेचार हजार आरपीएमपर्यंत हलणारच नाही, आणि जागा होईपर्यंत तुमची रेडलाइन आलेली असेल. डिझेलचा टर्बो आकाराने जवळचा वाटतो, पण त्याचा टर्बाइन साधारण ८०० अंशांच्या आतल्या एक्झॉस्टसाठी असतो. पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर ९०० ते ९५० अंश सहज देतं. हाउसिंगला तडे जातात, वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी) झडप वाकते, चाकाची पाती सैल होतात. शिवाय ५ हजारच्या वर त्याचा दम तुटतो आणि उलटा दाब वाढतो. तुम्हाला पाहिजे तो टीडी०२५ किंवा आरएचएफ३ या छोट्या वर्गातला, मूळ पेट्रोल गाडीसाठी बनलेला, पाण्याने थंड होणाऱ्या बेअरिंग हाउसिंगचा टर्बो. पाण्याची लाइन आपल्या भागात सोडू नका. गाडी बंद केल्यावर बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो, तो पाण्यामुळेच टळतो.

बूस्ट ०.३५ बार, म्हणजे ५ पीएसआय. तेवढ्याच स्प्रिंगचा ॲक्च्युएटर (वेस्टगेट उघडणारा डबा) घ्या आणि बूस्ट कंट्रोलर लावूच नका. या इंजिनाचं कम्प्रेशन ११:१ च्या घरात आहे, तिथे हीच मर्यादा आहे. कागदावर हवा ३५ टक्के वाढते. उष्णता, उलटा दाब आणि मागे ओढलेलं टायमिंग (ठिणगीची वेळ) वजा केलं की २५ ते ३० टक्के हातात येतात. ८५ चे १०५ ते ११० पीएस झाले आणि टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या आसपास.

आता उन्हाचा हिशेब. बाहेर ४६ अंश, प्रेशर रेशो १.४ आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर टर्बोतून निघणारी हवा ९५ अंशांची असते. फिल्टर बॉनेटखालची ६० अंशांची हवा ओढत असेल तर तीच ११० च्या वर जाते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर ९५ ची हवा ६० वर आणतो. म्हणून इतक्या कमी बूस्टलाही इंटरकूलर लागतोच, आणि फिल्टरला बाहेरची हवा मिळालीच पाहिजे. इंटरकूलर मोठा घेतला की एसीच्या कंडेन्सरची आणि रेडिएटरची हवा अडते. ४५० × १८० × ६० मिमीच्या आसपासचा, दोन इंची तोंडाचा पुरतो.

इंजेक्टर : टर्बो पेट्रोल इंजिनाला दर पीएसमागे मिनिटाला ६.५ सीसी इंधन धरा. ११० पीएसला ७१५ सीसी, म्हणजे एका इंजेक्टरला १८० च्या जवळ. ८० टक्के ड्यूटीवर (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेवर) २२५. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळते, त्याला ७ ते ८ टक्के इंधन जास्त लागतं, म्हणजे २४०. त्यात तुमच्या इंधनाच्या रेलला मॅनिफोल्डच्या दाबाचा संदर्भ नाही, रेग्युलेटर टाकीतच आहे. रेलमध्ये ३ बार असले तरी ०.३५ बूस्टला इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंचा फरक २.६५ बारच राहतो आणि प्रवाह ६ टक्के घटतो. सगळं धरून २७० ते ३०० सीसीचे, चारही एकाच बाकावर तपासून जुळवलेले इंजेक्टर घ्या.

पिगीबॅकबद्दल स्पष्ट सांगतो, माझं मत विरोधात आहे. मोठे इंजेक्टर लावले की पिगीबॅक मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्याचा) सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवतं, म्हणजे इंधन जास्त सुटणार नाही. पण ईसीयूला वाटतं लोडच कमी आहे, आणि तो टायमिंग पुढे नेतो. बूस्टमध्ये टायमिंग मागे हवं असताना नेमकं उलटं होतं. पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात त्या इथेच. शिवाय मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून शिकत राहतो आणि तुम्ही केलेली दुरुस्ती काही दिवसांत पुसून टाकतो. व्हीव्हीटी चालवू शकणारा स्टँडअलोन (वेगळा, स्वतंत्र) ईसीयू इंधन, स्पार्क आणि व्हीव्हीटीसाठी लावा. मूळ ईसीयू इमोबिलायझर, एसी आणि मीटरसाठी शेजारी जिवंत ठेवा. तुमचा थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक, ते पाहूनच स्टँडअलोन निवडा. मूळ मॅप सेन्सर १ बारच्या पुढे वाचत नाही, त्याजागी २.५ किंवा ३ बारचा. बॉश एलएसयू ४.९ वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर टर्बाइननंतर अर्ध्या मीटरवर, तोंड थोडं खाली झुकवून, म्हणजे पाणी साचणार नाही.

ट्यूनिंगचा क्रम मोडू नका. आधी वेस्टगेटचा हात तारेने उघडा बांधा आणि बूस्टशिवाय आयडल, क्रूझ, नव्या इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा उशीर) नीट बसवा. क्रूझला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) १.०० आला की १०० केपीएपर्यंतचं, म्हणजे बूस्ट नसतानाचं, टेबल भरा. मग तार सोडा. ११०, १२०, १३०, १४० केपीएच्या ओळी आधी ०.७८ लॅम्डावर, अपेक्षेपेक्षा ४ अंश कमी टायमिंगने सुरू करा. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढणं थांबलं किंवा नॉक (मिश्रण आपोआप भडकल्याचा ठोका) ऐकू आला की तिथून २ अंश परत. शेवटी लॅम्डा ०.८० ते ०.८२. गेजवर १४.७ चे आकडे बघू नका, ई२० ला ते फसवतात, लॅम्डातच बोला. हवेचं तापमान ५० च्या वर गेलं की दर ५ अंशांना १ अंश टायमिंग मागे. ट्यूनिंग डिसेंबरात १२ अंशांच्या सकाळी झालं तरी हे टेबल मे महिन्यासाठीच भरायचं असतं. तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर, उघड्या टोकाचा आणि प्लास्टिक अंगाचा. पितळी अंगाचा सेन्सर पाईपचीच उष्णता सांगत बसतो. बूस्ट कट ०.५ बारला.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड. गॅप ०.७ ते ०.८ मिमी, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते.

लेथ_आर्गन

वरच्या भाऊनं ट्यूनिंगचं सगळं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

मॅनिफोल्ड पातळ ३०४ स्टेनलेसचा करू नका राजेहो. चमकते छान, पण ३०४ साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगते. ३०० मिमी लांबीत ७०० अंश वाढले की पावणेचार मिमी लांब होते, तिथं साधं लोखंड तीन मिमीच्या आत राहते. पातळ भिंत अन् एवढी ओढ म्हटल्यावर वेल्डच्या बाजूनं तडा गेल्याशिवाय राहत नाही. पाईप-फिटिंगच्या दुकानात मिळणारे सव्वा इंची, शेड्यूल ४० चे स्टीम पाईपचे एल्बो घ्या. भिंत साडेतीन मिमीची, आतलं भोक ३५ मिमी, या इंजिनले बरोबर बसते. हेडकडची फ्लँज १२ मिमी, टर्बोकडची बी १२. वेल्ड करताना फ्लँज जुन्या हेडवर नाहीतर जाड प्लेटवर बोल्टनं कसून ठेवा, पूर्ण थंड झाल्याशिवाय काढू नका. मंग सरफेस ग्राइंडिंग करा. सगळं झाल्यावर पोर्टच्या मधात फ्लँजले करवतीनं चिरा द्या, म्हणजे प्रत्येक पोर्ट आपापला फुगते अन् स्टड तुटत नाहीत. गॅस्केट स्टीलचं थरवालं, नट तांब्याचा मुलामा असलेले लॉकनट. पहिल्या दोन-तीन वेळा गरम-थंड झाल्यावर परत कसाच लागते.

टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकवू नका, ब्लॉकवरून ब्रॅकेट द्या. डाउनपाईपले दोन इंच पुरते, पण त्यात जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा पायजेच, कारण इंजिन माउंटवर हलते अन् सायलेन्सर हलत नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढू नका.

आता ऑइल. सगळ्यात जास्त टर्बो इथंच मरते. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून टर्बोले ऑइलचा फीड घेतात. सुझुकीचा आटा एक-अष्टमांश बीएसपीटी, २८ आट्यांचा. किटमधली टी बहुतेक एनपीटी, २७ आट्यांची. सुरुवातीले दोन फेरे गोड बसते, मंग ॲल्युमिनियमचा आटा खाऊन टाकते. बीएसपीटीचीच टी घ्या. फीडवर टेफ्लॉन टेप नको अन् सिलिकॉन बी नको, त्याचा तुकडा सुटला की बेअरिंगचं भोक बंद.

ड्रेन १६ मिमीपेक्षा बारीक नको, १९ असला तर उत्तम. टर्बोपासून ऑइल सम्पपर्यंत (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीपर्यंत) सतत उतार, मधात कुठं पोटात झोळ नको, अन् सम्पमधलं भोक ऑइलच्या पातळीच्या वर. सम्प गाडीवर ठेवून भोक पाडू नका, काढूनच करा, नाहीतर कीस पंपात जाते. टर्बोचं बेअरिंग हाउसिंग असं फिरवून बसवा की ड्रेनचं तोंड सरळ खाली राहील, १५ अंशांपेक्षा तिरपं नको. ड्रेन तुंबला की ऑइल सीलमधून एक्झॉस्टमंधी जाते, निळा धूर दिसते, अन् लोक चांगला टर्बो खराब समजून फेकून देतात.

हिंगण्याले न्या की गावात करा, मले विचाराल तर आर्गनवाल्याचा हात पाहा, गाव पाहू नका. फक्त सरफेस ग्राइंडिंग वणीत नाही जमलं तर तेवढं नागपुरातून आणा.

वणी_के१२

दोघांचेही आभार, डोळे उघडले. आणखी दोन गोष्टी. एक मिस्त्री म्हणून राहिला की हेड गॅस्केट जाड टाका, कम्प्रेशन ९.५ वर येईल, मग अर्धा बार बिनधास्त चालवा. हे बरोबर आहे का? अन् गाडी शेतरस्त्यानं येते-जाते, सोयाबीन-तुरीच्या हंगामात धूळ लय असते. उघडा कोन फिल्टर चालेल का?

लॅम्डा_नागपूर

जाड गॅस्केट नको. हिशेब करून पाहा. एका सिलिंडरची जागा २९९ सीसी, ११:१ ला वरची चेंबर ३० सीसीची. ७३ मिमी बोअरला अर्धा मिमी गॅस्केट वाढवलं की २.१ सीसी वाढतात आणि रेशो १०.३५ वर येतो. ९.५ पाहिजे असेल तर सव्वा मिमीहून जास्त जाडी लागेल. तेवढी जाडी टाकली की पिस्टनच्या कडेला हेडजवळची जी अरुंद फट मिश्रण घुसळते, तीच नाहीशी होते. घुसळण गेली की जळणं मंदावतं आणि नॉक उलट लवकर येतो. वर टायमिंग चेनची भूमिती हलते ती वेगळी. कम्प्रेशन खरोखर कमी करायचं तर खोल डोक्याचे फोर्ज्ड पिस्टन, आणि मग कनेक्टिंग रॉडही. ते वेगळं काम, वेगळा खर्च.

या बेतात रॉड मूळचेच राहतील, म्हणून एक नियम पाळा. रॉड वाकतो तो टॉर्कने. २५०० च्या खाली चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबून बूस्ट मागू नका. ट्यूनमध्येही बूस्ट २८०० नंतरच पूर्ण यावा. मूळ क्लच पहिल्यांदा इथेच घसरेल, तेव्हा त्याच्या प्रेशर प्लेटची तरतूद ठेवा.

नॉक ऐकायला स्वस्त आणि खात्रीचा उपाय सांगतो. ८ मिमी तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून, दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे ब्लॉकवर बोल्टने कसा. नळीला रबरी पाईप जोडून कानावरच्या मफपर्यंत आणा. डायनोवर खडे उडाल्यासारखा आवाज कानात स्वच्छ येतो, सेन्सरच्या आकड्याची वाट पाहावी लागत नाही.

कपाशी_पट्टा

धुळीचं मी लिहितो, कारण ट्रॅक्टर-हार्वेस्टरचे टर्बो ज्या कारणाने जातात त्याच कारणाने ही गाडीही जाईल.

उघडा तेलकट कोन फिल्टर आपल्या भागात नको. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती जाळीतून आत जाते. कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतं. पात्यांच्या पुढच्या कडा घासून बोथट होतात, मग तोल जातो, मग बेअरिंग. बंद डब्यातला कागदी फिल्टर ठेवा, डबा बॅटरीच्या बाजूने वर, तोंड हेडलाइटच्या मागे. चाकाच्या कमानीत फिल्टर अजिबात नको, तिथे पावसाळ्यात चिखल आणि बाकीच्या वेळी धूळ. फिल्टर ते टर्बो हा पाईप ओढीखाली असतो, त्याच्या एका सैल क्लिपमधून फिल्टरच्या पुढची धूळ सरळ चाकावर जाते. तिथे साधी फिरकीची क्लिप न लावता टी-बोल्ट क्लॅम्प लावा, आणि पाईपच्या टोकाला बीड (उंचवट्याची कड) उठवून घ्या, म्हणजे होज निसटत नाही.

इंटरकूलरच्या फटीत तुरीचं कुटार आणि जिनिंगजवळून जाताना कापसाचे तंतू अडकतात. बंपरमागे मच्छरदाणीइतकी बारीक जाळी लावली तर तीच तुंबते. ५-६ मिमी भोकाची जाळी लावा आणि हंगामात आठवड्याला मागून पुढे हवा मारा. पुढून मारली की कचरा आणखी आत बसतो.

बूस्ट लीक तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून ०.५ बार, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. ऑइलचं झाकण उघडून ऐका. तिथून जोरात हवा आली तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा) उलटा दाब धरत नाही. त्या लाइनला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणारा) आणि कॅच कॅन (ऑइलची वाफ धरणारा डबा) लावलं नाही तर क्रँककेसमध्ये बूस्ट भरतो आणि ऑइल सील बाहेर येतात. ब्रेक बूस्टरच्या आणि पेट्रोलच्या वाफेच्या लाइनलाही चेक व्हॉल्व्ह पक्का आहे का ते बघा. ब्रेकचा तर आधी.

ऑइल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, ५ हजार किलोमीटरला बदल, फिल्टरसकट. पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ड्रेनमधून ऑइल येताना डोळ्यांनी दिसल्यावरच इंजेक्टर जोडा. आणि २०१३ ची गाडी ई२० साठी बनलेली नाही, तेव्हा इंजेक्टर बदलतानाच रेलपर्यंतचे रबरी पाईप आणि ओ-रिंगही बदला.

दारव्हा_आरसी

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ही गाडी रस्त्याने मैदानापर्यंत नेता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. यापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे. अपघातात समोरच्याला इजा झाली आणि इंजिनातला बदल उघड झाला तर भरपाईचा भार तुमच्या घरावर येऊ शकतो. गाडी फक्त मैदानासाठी ठेवा आणि ट्रॉलीवर न्या.

रस्त्यावरच जोर पाहिजे असेल तर सरळ कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली जुनी गाडी बघा. बलेनो आरएस २०१७ पासून २०२० पर्यंत विकली गेली. १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० न्यूटन-मीटर. तुम्ही जे आकडे मांडून राहिले, जवळपास तेच. पिस्टन, कूलिंग, ईसीयू सगळं त्या दाबासाठीच बनलेलं, आणि आरसीवर तेच इंजिन. समृद्धीवर १२० ने तासभर सलग जाणं आणि मैदानावर दीड मिनिटाचा लॅप मारणं यात एक्झॉस्टच्या तापमानाचा फार फरक पडतो. घरी बनवलेलं किट दुसऱ्या कामात टिकतं, पहिल्यात त्याची खरी परीक्षा होते.

वणी_के१२

पटलं. गाडी मैदानापुरतीच, ट्रॉलीवर. छोटा पेट्रोल टर्बो, ०.३५ बार, स्टँडअलोन, गॅस्केट मूळचं. लेथवाले दादा, शेवटचं एक : सम्पमध्ये ड्रेनचं भोक नेमकं किती वर घ्यावं?

लेथ_आर्गन

गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकवर पूर्ण खूण येईल एवढं ऑइल भरा. सम्पच्या बाहेरून ती पातळी मोजून खडूनं रेघ मारा. भोकाची खालची कड त्या रेघेच्या कमीत कमी २० मिमी वर घ्या. ऑटोक्रॉसमंधी वळणात ऑइल एका बाजूले चढते, म्हणून जमलं तर ३० घ्या. क्रँकचं वजन जिकडून खाली येते अन् ऑइल फेकते त्या बाजूले भोक नको, दुसऱ्या बाजूले घ्या. बंग (ड्रेनची नळी जोडायचं तोंड) लोखंडाचा, आतून-बाहेरून दोन्हीकडून वेल्ड, मंग सम्पमंधी रॉकेल भरून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली नाही तरच गाडीले चढवा.